प्रश्न कोणाचा?

पहिल्या कम्युनियनच्या तयारीचा वर्ग होता. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा पुस्तिकेतील सर्व प्रश्नांची उत्तरे एका दमात म्हणून गेला. आपणास कोणी निर्माण केले, संस्कार किती, ते कोणते, कुठेही तो अडखळला नाही. मी त्याला शाबासकी दिली. परंतु खाली बसण्याऐवजी त्याने विचारले, ''फादर, हे सगळे प्रश्न कुणाला पडले होते?''

''तुम्हां मुलांना शिकणे सोपे जावे, म्हणून ख्रिस्तसभेने ते तयार केले आहेत,'' मी म्हणालो. उत्तर खोटे नव्हते. मुलगा खाली बसला. रात्री प्रार्थनेला बसल्यावर मात्र माझ्या ध्यानात आले, की त्याने 'कोणाला' असे विचारले होते आणि मी 'कशासाठी' याचे उत्तर दिले होते. माझे वाक्य खरे होते. पण ते त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

या लहानशा प्रसंगात भाषेचे एक मोठे सत्य दडलेले आहे. वाक्याचा अर्थ केवळ त्यातील शब्दांत नसतो. ते वाक्य कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून उभे आहे, यावरही तो अवलंबून असतो. 'पेद्रूने रविवारी घंटा वाजवली' हे साधे वाक्य घ्या. 'घंटा कोणी वाजवली?' असे विचारले असेल, तर वाक्याचा सारा भार 'पेद्रूने' या शब्दावर पडतो. 'पेद्रूने घंटा कधी वाजवली?' असे विचारले असेल, तर तो 'रविवारी'वर सरकतो. 'पेद्रूने रविवारी काय केले?' असा प्रश्न असेल, तर घंटा हीच नवी वार्ता ठरते. शब्द तेच, क्रम तोच. परंतु ही तीन निरनिराळी विधाने आहेत. आणि नुसत्या 'हो' या शब्दाला तर प्रश्नावाचून काही अर्थच नाही.

आपल्या मराठीत प्रश्नाची जागाही अर्थ बदलते. 'तू आलास का?' आणि 'तू का आलास?' या दोन वाक्यांत शब्द तेच तीन आहेत. पहिल्यात स्वागत असू शकते. दुसऱ्यात जाब असू शकतो. 'का' शेवटी आला तर होकार वा नकार पुरतो. क्रियापदाच्या आधी आला तर कारण द्यावे लागते. आज आपण दोन्ही वाक्यांपुढे प्रश्नचिन्ह मांडतो. पण हे चिन्ह आपल्याकडे अलीकडचे आहे. मराठी गद्यात विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यापूर्वीच्या पोथ्यांत 'काई', 'कवण', 'केवी' अशा शब्दांवरून आणि वाचणाऱ्याच्या स्वरावरूनच प्रश्न ओळखावा लागे.

पाश्चात्त्य विचारवंतांनी या विषयाकडे विसाव्या शतकात विशेष लक्ष दिले. इंग्रज तत्त्वज्ञ व इतिहासकार आर. जी. कॉलिंगवूड यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात एक अनुभव सांगितला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये कामावर जाताना त्यांना रोज अल्बर्ट स्मारक दिसे आणि ते त्यांना अत्यंत कुरूप वाटे. पुढे त्यांनी स्वतःला विचारले, की हे स्मारक रचणाऱ्याने कोणता प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न केला होता? मी त्याच्या कृतीत भलत्याच प्रश्नाचे उत्तर शोधत तर नाही ना? या चिंतनातून त्यांनी असा सिद्धान्त मांडला, की एखादे विधान समजून घ्यायचे तर ते ज्या प्रश्नाचे उत्तर आहे, तो प्रश्न आधी शोधला पाहिजे. जर्मन तत्त्वज्ञ गाडामर यांनी १९६० च्या आपल्या 'सत्य आणि पद्धती' या ग्रंथात हाच धागा पुढे नेला. चार्ल्स हॅम्ब्लिन या ऑस्ट्रेलियन तर्कशास्त्रज्ञाने १९५८ साली असे सुचवले, की प्रश्नाचा अर्थ कळणे म्हणजे त्याचे उत्तर म्हणून काय चालेल, हे कळणे. १९९६ साली क्रेग रॉबर्ट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विदुषीने सर्व संभाषणाचीच मांडणी अशी केली, की बोलणाऱ्यांसमोर नेहमी एक 'विचाराधीन प्रश्न' असतो, उघड वा अध्याहृत; आणि प्रत्येक वाक्य त्या प्रश्नाच्या संदर्भातच सुसंगत वा असंगत ठरते.

परंतु ही दृष्टी केवळ विसाव्या शतकाची नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी १२६५ पासून पुढे रचलेला 'सुम्मा थिओलॉजिए' हा ग्रंथ आम्ही सेमिनरीत अभ्यासला. त्याचा मोठा घटक 'प्रकरण' या नावाचा नाही, तर 'प्रश्न' या नावाचा आहे, आणि असे पाचशेहून अधिक प्रश्न त्यात आहेत. प्रत्येक पोटप्रश्नात प्रथम विरुद्ध पक्षाचे आक्षेप येतात. 'देव आहे काय?' या प्रश्नाखाली सुरुवातीलाच 'देव नाही असे दिसते' अशा आशयाचे विधान आहे. तेवढेच वाक्य कोणी उचलून दाखवले, तर संत थॉमस नास्तिक ठरतील! आपल्याकडील मीमांसकांची अधिकरणाची रचनाही अशीच आहे : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि संगती. पूर्वपक्षातील वाक्य ग्रंथकाराचे मत म्हणून उद्धृत करणे, ही विद्यार्थ्याची पहिली चूक मानली जाते. रोम आणि काशी यांत अंतर कितीही असो, संशयाला ग्रंथात मानाची जागा दिल्याशिवाय सिद्धान्त उभा राहत नाही, हे दोन्हीकडच्या आचार्यांना ठाऊक होते.

पुराणांची परंपरा तर प्रश्नावाचून सुरूच होत नाही. शौनक विचारतात म्हणून सूत सांगतात. जनमेजय विचारतो म्हणून वैशंपायन सांगतात. परीक्षित राजाच्या आयुष्याचे सात दिवस उरले आहेत. मरणाऱ्या माणसाने काय करावे, असे तो शुकमुनींना विचारतो, आणि भागवत हे त्याचे उत्तर होते. तो प्रश्न काढून टाका. भागवताच्या कथा उरतील, पण त्यांची निकड उरणार नाही. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी, गीतेत अवघ्या दोन श्लोकांत आलेली अर्जुनाची तक्रार ज्ञानेश्वर विस्ताराने आणि मोठ्या जिव्हाळ्याने मांडतात. शिष्याच्या गोंधळाची त्यांना घाई नाही. महानुभावांच्या 'स्मृतिस्थळा'तील एक प्रसंगही सुविख्यात आहे. केशवदेव पंडितांनी संस्कृत वळणाने काही विचारले, तेव्हा नागदेवाचार्यांनी सांगितले, की तुमचे 'अस्मात् कस्मात्' मला समजत नाही. चक्रधरस्वामींनी मला मराठीत उपदेश केला, तेव्हा मराठीतच विचारा. 'कस्मात्' म्हणजे 'कशावरून'. उत्तर कोणत्या भाषेत द्यावे याचा विचार सारेच करतात. प्रश्न विचारणाऱ्याच्या भाषेचा विचार नागदेवाचार्यांनी केला.

ही सर्व पार्श्वभूमी ध्यानी घेतली, म्हणजे आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याच्या उगमापाशी जे घडले त्याचे मोल कळते.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील येशूसंघीय धर्मगुरू २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी बहुतेक आयुष्य सासष्टीत वेचले. त्यांच्या हातून दोन पुस्तके झाली, जी एकमेकांशेजारी ठेवून क्वचितच वाचली जातात. एक म्हणजे १६१६ साली रायतूर येथे छापले गेलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण'. दुसरे म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली, तेथेच छापलेली कोकणी 'दौत्रिन क्रिस्तां', म्हणजे ख्रिस्ती धर्मतत्त्वांची पुस्तिका. मुलांना शिकवण्यासाठी ती संवादरूपाने रचली आहे, असे तिच्या शीर्षकातच म्हटले आहे.

प्रश्न दोन्ही पुस्तकांत आहेत. पण ते एकाच जातीचे नव्हेत. धर्मपुस्तिकांच्या त्या काळच्या रूढ पद्धतीत गुरू विचारतो आणि शिष्य सांगतो. म्हणजे ज्याला उत्तर ठाऊक आहे, तोच विचारतो. हा प्रश्न अज्ञानातून आलेला नसतो. तो परीक्षेचा असतो. अनेक पुस्तिकांत प्रश्नाचे शब्द उत्तरात पुन्हा गुंफलेले असतात. हेतू असा, की उत्तर एकटे पाठ राहावे आणि प्रश्न विसरला तरी चालावे. यात गुण आहेत. लिहितावाचता न येणाऱ्या पिढ्यांनी या उत्तरांच्या बळावर श्रद्धा जतन केली. परंतु संत रॉबर्ट बेलार्मिन यांच्यासारख्या धर्मपंडितालाही हा एकच क्रम पुरेसा वाटला नाही. त्यांच्या १५९७ च्या लहान पुस्तिकेत गुरू विचारतो व शिष्य उत्तर देतो. १५९८ च्या विस्तृत पुस्तकात मात्र शिष्य विचारतो आणि गुरू उत्तर देतो. पाठांतरासाठी एक दिशा, समजुतीसाठी दुसरी.

आता 'क्रिस्तपुराण' उघडावे. पहिल्याच सर्गात, ज्याला स्टीफन्स 'अवस्वरू' म्हणतात, सासष्टीतील एका चर्चमधील धर्मशिक्षणाचा प्रसंग येतो. पाद्रीगुरू शिकवीत आहेत आणि एक ब्राह्मण ख्रिस्ती श्रोता बोलू लागतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा : ही शिकवण चांगली आहे, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुस्तक आम्हांस का दिले नाही? या विनंतीतून पुराणाची कथा सुरू होते, आणि पुढेही श्रोते मधूनमधून शंका विचारतात व पाद्रीगुरू त्यांचे समाधान करतात.

हा प्रसंग प्रत्यक्ष घडला, की पुराणाचा प्रघात म्हणून रचला, या वादात मला शिरायचे नाही. स्टीफन्स यांनी पुराणाचे मर्म अचूक ओळखले होते, एवढे निश्चित : ऐकणाऱ्याने विचारल्याशिवाय सांगणाऱ्याला सांगण्याचा अधिकार मिळत नाही. पण या प्रश्नात प्रघाताहून अधिक काही आहे. 'का दिले नाही?' हा प्रश्न माहिती मागत नाही. तो गाऱ्हाणे मांडतो. सासष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली होती. जुने धर्मग्रंथ बाळगण्यास मनाई होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांची हत्या झाली, आणि नंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावच्या गावकरांना बोलावून ठार केले. त्या भूमीवर उभे राहून एक श्रोता विचारतो, की आमचे घेतलेत, बदल्यात दिलेत काय? हा जाब स्टीफन्स यांनी स्वतःच्या ग्रंथाच्या आरंभी नोंदवला, तो लपवला नाही. 'क्रिस्तपुराण' हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे विसरून ते वाचले, तर ओव्यांची गोडी कळेल. ओव्यांमागचे ऋण कळणार नाही.

आणि सत्यासाठी हेही नमूद केले पाहिजे, की त्याच गोव्यात १५६० पासून आणखी एक विचारणारा बसला होता. धर्मसमीक्षण सभेच्या, म्हणजेच इन्क्विझिशनच्या, दालनातही प्रश्नच विचारले जात. तेथे आरोपीला आपल्यावरील आरोप कोणी केला हे सांगितले जात नसे. तू काय केलेस ते तूच सांग, असा तेथील खाक्या होता. ज्याचे उत्तर विचारणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेले आहे आणि जे न दिल्यास शिक्षा आहे, तो व्याकरणाने प्रश्न असला तरी आशयाने आज्ञा असतो. हे न्यायपीठ १८१२ साली कायमचे बंद झाले. आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हे पान उलटून पुढे जाणे सोपे आहे. पण वर्गात मुलांसमोर प्रश्नपुस्तिका उघडणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी वाचलेले असावे. प्रश्नाने बोलते करता येते, तसे मुकेही करता येते.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज राजप्रतिनिधीने स्थानिक भाषेऐवजी तीन वर्षांत पोर्तुगीज रूढ करण्याचा हुकूम काढला. उत्तरे पोर्तुगीजमध्ये देता आली असतीही. परंतु ज्या भाषेत शंका सुचते ती भाषाच निषिद्ध ठरली. 'क्रिस्तपुराणा'च्या तीन आवृत्त्या १६१६, १६४९ व १६५४ या सालांतील आहेत. त्यानंतर थेट १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले. मधल्या काळात ते हस्तलिखितांत आणि श्रद्धावंतांच्या मुखात जगले.

एकोणिसाव्या शतकात प्रश्नोत्तराचा साचा आपल्या हाती घेऊन तो उलटा करणारे थोर पुरुष म्हणजे महात्मा जोतीराव फुले. ते पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. मिशनऱ्यांच्या शिकवणीची पद्धत त्यांच्या परिचयाची असणार. १८७३ च्या 'गुलामगिरी'त धोंडिबा विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या विचारण्याचा अधिकारच नव्हता, त्याच्या तोंडी फुल्यांनी प्रश्न घातला. त्या ग्रंथातील प्रत्येक विधानाशी आपण सहमत असू वा नसू. पण त्यातील विधाने धोंडिबाच्या प्रश्नांपासून तोडून वाचणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

फुल्यांच्या नंतरच्या पिढीत आमच्या कोल्हापूरच्या पंचगंगेच्या घाटावर असाच एक प्रश्न विचारला गेला. १८९९ च्या सुमारास राजर्षी शाहू महाराज कार्तिकस्नानासाठी गेले असता, पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत आहेत, हे बरोबरच्या राजारामशास्त्री भागवतांच्या लक्षात आले. महाराजांनी पुरोहिताला याविषयी विचारले. मिळालेल्या उत्तराचा आशय असा सांगतात, की शूद्रांना पुराणोक्तच मंत्र सांगायचे असतात. महाराजांनी मंत्राविषयी विचारले होते; पुरोहिताने महाराज कोण, याविषयी उत्तर दिले. त्या एका उत्तराने रोजच्या विधीमागे दडलेला विचाराधीन प्रश्न उघडा पडला. स्नान तर रोजच होत होते, मंत्रही रोजच कानी पडत होते. कोणी विचारले नव्हते तोवर त्यांचा अर्थ कोणाला बोचला नव्हता. वेदोक्त प्रकरणाची पुढची हकीकत करवीरच्या वाचकांस सांगायला नको.

शुभवर्तमान या दृष्टीने वाचले, तर दोन प्रश्न शेजारी शेजारी दिसतात. संत लूकच्या पहिल्या अध्यायात देवदूत प्रथम जखऱ्याकडे येतो आणि नंतर मरियेकडे. दोघेही आश्चर्याने विचारतात. वरवर पाहता दोन्ही प्रश्न सारखेच. तरी जखऱ्याची वाचा जाते आणि मरियेला उत्तर मिळते. संत ऑगस्टिनसारख्या धर्मपित्यांनी यावर चिंतन केले आहे. जखऱ्या विचारतो, की हे मी कशावरून खरे मानू? त्याला पुरावा हवा आहे. मरिया विचारते, की हे कसे होईल? तिने घटना स्वीकारली आहे; तिला रीत जाणून घ्यायची आहे. शब्दांपेक्षा प्रश्नकर्त्याचे मन देवदूताने ऐकले. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता व त्यांना प्रश्न विचारीत होता, हेही लूकच सांगतो. पुढे यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय हाका मारतो, तेव्हा त्याला काय हवे हे सर्वांना दिसत असूनही प्रभू त्यालाच विचारतो, की मी तुझ्यासाठी काय करावे. ही परीक्षा नव्हती. भिकाऱ्याला स्वतःच्या तोंडाने मागण्याचा मान दिला जात होता.

ख्रिस्तसभेनेही या दोन वाटांत आलटूनपालटून पावले टाकली आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पाठांतराचा भर कमी झाला. १९९२ चा 'कॅथोलिक श्रद्धाग्रंथ' सलग निवेदनाच्या रूपात आला. २००५ साली त्याचा संक्षेप पुन्हा प्रश्नोत्तरांत निघाला, त्यात ५९८ प्रश्न आहेत. मी प्रश्नोत्तरीच्या विरोधात नाही. पाठ असलेले उत्तर आयुष्यात फार उशिरा उपयोगी पडते. रुग्णशय्येपाशी बसलेल्या प्रत्येक धर्मगुरूने हे अनुभवले आहे. लहानपणी पाठ केलेल्या वाक्याला साठ वर्षांनी त्याचा खरा प्रश्न भेटतो, आणि तेव्हा ते वाक्य प्रथमच समजते. मात्र प्रश्न भेटण्याआधीच ज्याचे विचारणे आपण थांबवले, त्याच्याजवळ ते वाक्य पोपटपंचीच राहील.

त्या मुलाला मी पुढच्या रविवारी पुन्हा उभे केले. ''तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी गेल्या वेळी दिलेच नाही,'' असे सर्वांसमोर सांगितले. मग म्हणालो, की यातला एकेक प्रश्न कधी ना कधी कोणाला तरी खरोखर पडला होता. एखाद्या विधवेला, एखाद्या कैद्याला, सासष्टीतल्या एखाद्या श्रोत्याला. लिहून ठेवताना त्यांची नावे गळून गेली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, ''मग माझा प्रश्न पण लिहून ठेवाल?''

तो मी येथे लिहून ठेवला आहे.